मणी सुकू द्यायचे नाहीत

सुरेखाताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा माझ्यासमोरची ट्यूब चुंबकाच्या स्टँडमध्ये होती. वरचं पाणी नुकतंच काढलं होतं. मी मेसेज वाचला, आधी ट्यूबमध्ये बफर, म्हणजे धुण्याचं खारट पाणी, घातलं आणि मग खाली बसले. मणी सुकू द्यायचे नाहीत, हे ताईनेच शिकवलं होतं.

अंबडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये रक्तातून अँटिबॉडी नावाची प्रथिनं वेगळी काढतात. त्यासाठी तपकिरी भुकटीसारखे बारीक कण वापरतात. आम्ही त्यांना बीड्स म्हणायचो, ताई मणी म्हणायची. ते रक्ताच्या पाण्यात मिसळले की हवं ते प्रथिन त्यांना चिकटतं. ट्यूब चुंबकाशी लावली की मणी एका भिंतीला जमतात, बाकीचं ओतून द्यायचं, मणी धुवायचे. मी नवीन होते तेव्हा पाणी गढूळ असतानाच घाई करायचे. "तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये धुणं शिकवत नाहीत का गं?" ताई विचारायची. मी ट्यूब परत स्टँडमध्ये ठेवायचे. मग ती म्हणायची, "थांब. पाणी निवळू दे. चुंबकाला त्याचं काम करू दे."

ताई पिंपळगावची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. प्रत्येक खेपेला तुलनेसाठी एका निरोगी माणसाचं रक्त लागायचं आणि ते लॅबमधल्याच कुणीतरी द्यायचं, अशी आमच्याकडची पद्धत. मी एकदा हात पुढे केला तर म्हणाली, "तुझ्यात रक्त आहे कुठे? आधी जेव नीट." तिने स्वतःचंच दिलं, नेहमीसारखं. त्या ट्यूबांवर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं असायचं, 'नॉर्मल'.

गेल्या वर्षी तिने ताजं रक्त दिलं आणि तपासणीत प्रथिनाचा जो पट्टा उमटतो, तो नॉर्मलचाच जाड, गडद यायला लागला. "धुणं कमी पडलंय," ताई म्हणाली. आम्ही पुन्हा धुतलं. पुन्हा तसंच. मण्यांची बाटली बदलली, तरी तसंच. शेवटी तिने पुरवठादाराला फोन लावून झापलं, "लय खराब माल पाठवलाय तुम्ही." त्या दिवसांत तिची पाठ दुखायची. स्कूटर आणि रस्ते, ती म्हणायची. मी हीटिंग पॅड आणून तिच्या खुर्चीवर ठेवलं. रुग्णांचे पट्टे आम्ही शंका घेऊन बघायचो. नॉर्मलवर शंका घ्यायची कुणाला सवयच नव्हती.

पाठीचं हाड मोडलं तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये गेली. हाडांच्या मगजातला कॅन्सर होता. त्यात एकच अँटिबॉडी रक्तात बेसुमार वाढत जाते. तिने तिथूनच मला फोन केला.

"अगं, मणी चांगले होते गं."

ती हसली. "त्या पुरवठादाराला सॉरी म्हण माझ्याकडून," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पट्टा गडद आला तेव्हाच कळलं असतं तर ती राहिली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे वाक्य मी रोज मनात इंग्रजीत करून बघते, मराठीत करून बघते. कुठल्याच भाषेत त्याच्या पलीकडे जाता येत नाही.

मागच्या आठवड्यात लॅबचे सर म्हणाले, जुने नॉर्मल टाकून द्या, नवीन रक्त घ्या. या वेळी मी दिलं. फ्रीजरमधल्या ताईच्या ट्यूबा बाहेर काढल्या, एक सोडून सगळ्या टाकल्या. ती एक वितळू दिली, त्यात मणी घातले, चुंबकाशी लावली. पाणी निवळेपर्यंत थांबले. धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा... धुणं कमी पडू दिलं नाही. मणी भिंतीला धरून बसले होते. त्यांनी जे धरून ठेवलं होतं त्यानेच ताईला नेलं, हे मला माहीत आहे. त्या ट्यूबमध्ये दुसरं काही उरलेलं नाही, हेही.

ती ट्यूब आता फ्रिजच्या दारात आहे, 'नॉर्मल' लिहिलेली. सकाळी आल्यावर मी ती उजेडात धरते आणि पातळी खाली गेलेली दिसली की थोडं बफर घालते.