फाटकाची किल्ली

निवृत्तीनंतर ड्रायव्हरकाकांनी घर घेतलं, तेव्हा घराला लागून जाणारा सत्तर पावलांचा रस्ताही त्यांच्या नावावर आला. मागच्या तीन घरांना त्यावरून ये-जा करायचा हक्क होता. खरेदीखतातच तसं लिहिलेलं.

"जन्मभर दुसऱ्यांच्या रस्त्यावर बस हाकली, आता रस्ताच माझा," काका म्हणायचे.

"नाव तुमचं आणि वापर साऱ्या जगाचा," काकू हसायच्या.

मागच्या घरातला फरशीवाला टेम्पो भरभरून माल आणू लागला आणि रस्ता खचला. गटाराचं झाकण दोनदा फुटलं. काका बोलायला गेले, तर तो म्हणाला, "वहिवाट आहे आमची. मालक तुम्ही कागदावर!" तिसऱ्यांदा झाकण फुटलं, त्यात काकूंचा पाय गेला आणि घोटा मोडला. मग काकांनी कुणाचंच ऐकलं नाही. रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं, कुलूप घातलं. माणसांना जायला बाजूला फट ठेवली. किल्ली स्वतःच्या खिशात.

शेवटच्या घरात नर्सबाई राहायची, आपल्या म्हाताऱ्या आईसोबत. काकूंना साखरेचं इंजेक्शन रोज सकाळी तीच टोचून जायची.

"काका, एक किल्ली मला द्या ना. आईच्या दम्याचा काही नेम नाही."

"तुला दिली की त्या फरशीवाल्यालाही द्यावी लागेल. हाक मार, मी कुठे जातोय?"

महिन्याभराने एका दुपारी काका काकूंना प्लास्टर काढायला घेऊन गेले. परतले तेव्हा फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती. फरशीवाला कुलपावर घण घालत होता. खुर्चीत बसवलेली म्हातारी फटीत अडकली होती; नर्सबाई तिला मागून ढकलत होती. काकांनी घाईत किल्ली उलटी धरली, ती भोकात जाईना. फरशीवाल्यानेच ती हिसकावून घेऊन कुलूप उघडलं.

म्हातारी वाटेतच गेली.

चार दिवसांनी काका भेटायला गेले. नर्सबाई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचली असती का, सांगता येत नाही. म्हणजे मला ते कधीच कळणार नाही, काका."

काकांनी फाटक उखडून भंगारात दिलं. रस्ता फुकट द्यायला नगरपालिकेत गेले. "रुंदी कमी पडते, घेता येत नाही," असं म्हणून कारकुनाने अर्ज परत सरकवला.

नर्सबाई अजूनही येते, काकूंना इंजेक्शन देते, दोन शब्द बोलते. ती आली की काका मागच्या खोलीत जातात.

"आज तरी बाहेर या," काकू रोज म्हणतात.

"येऊन बोलू काय?" काका विचारतात.