रेडिओच्या अर्ध्या बातम्या

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान होतं आणि त्याच्या मालकाला सगळे रेडिओ म्हणायचे. कात्री चालवता चालवता तो जगाच्या बातम्या सांगे, पण पुरी बातमी कधीच सांगत नसे. कुठल्याशा राजाने गादी सोडली, इथवर आला की मानेवरचे केस झटकायचा आणि म्हणायचा, "का सोडली, ते पुढच्या वेळी!" गिऱ्हाईक चडफडत उठे आणि केस वाढायच्या आत परत येई. धंद्याची ही खुबी त्याला बापाने, म्हणजे आबांनी, शिकवली होती. त्यांनीही त्याच खुर्चीमागे उभा जन्म काढला होता.

दुकानात जिभेला हाड नसलेला हा माणूस घरी मात्र तोंडाला कुलूप लावून बसे. आबाही तसेच. बापलेकात भांडण नव्हतं, पण दिवसभर परक्यांशी बोलून बोलणंच संपायचं, आणि घरच्यांच्या वाट्याला 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच उरायचं.

उन्हाळा लागला आणि आबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घसा ठीक आहे. शब्दही आहेत आत कुठेतरी. पण त्यांना बोलावंसं वाटायला हवं. रोज बोलत जा त्यांच्याशी. हे पहिले महिने महत्त्वाचे. उन्हाळा असाच गेला तर पुढे अवघड होईल."

रेडिओला घाम फुटला. बापाशी बोलायचं तरी काय? पहिल्या संध्याकाळी तो पलंगाशेजारी बसला, दोनदा खाकरला आणि "आज ऊन फार होतं," एवढं म्हणून उठला. बायको दारातून बघत होती.

"अहो, परक्यांना सगळं जग सांगता. यांनी काय तुमचं घोडं मारलंय?"

तेव्हापासून तो रोज घरी जग आणू लागला. उन्हाळाही असा, की बातम्यांना तोटा नव्हता. कुठे ज्वालामुखी फुटला आणि राखेपायी विमानं जमिनीवर अडकली. कुठे शहराएवढा बर्फाचा तुकडा सुटून समुद्रात निघाला. एका चिमुकल्या देशाने फुटबॉलमध्ये भल्याभल्यांना पाणी पाजलं. एका देशाने तर रातोरात स्वतःचं नाव बदललं. आबा टक लावून ऐकत. त्यांच्या नजरेने रेडिओलाच प्रश्न पडू लागले. राख विमानाला काय करते? नाव बदललं, तर तिथल्या जुन्या पत्रांचं काय होतं? तो गिऱ्हाइकांना विचारायचा, तेही गालांना फेस लावून झाल्यावर. बिचारे उत्तर देणार कसे!

मग खाणीची बातमी आली. दूर कुठेतरी खाण खचली, माणसं आत गाडली गेली. वरच्यांनी लोखंडी पाइपाला कान लावला, तर खालून ठोके येत होते. इथवर सांगून रेडिओने सवयीने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि तो उठला. "पुढचं उद्या, आबा."

दुसऱ्या दिवशी पेपरभर एक शाही लग्न होतं, म्हणून त्याने लग्न सांगितलं. नंतर कुठल्या पुराची बातमी आली, मग निवडणुकीची. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवणही दोन घासांवर आलं. उन्हाळा सरत आला होता.

एका संध्याकाळी तो निवडणुकीचं रामायण लावून बसला असताना आबांनी त्याचं मनगट धरलं. ओठ थरथरले.

"ठोके..."

"काय आबा?"

"ठोके... थांबले... का?"

बायकोच्या हातातलं पातेलं पडलं. रेडिओ लहान पोरासारखा रडला. किती आनंद झाला म्हणून सांगू! पण आबा मनगट सोडेनात. त्यांना रडणं नको होतं, उत्तर हवं होतं. 'सगळे सुखरूप निघाले' हे वाक्य रेडिओच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याने गिऱ्हाईक गुंगवायला शिकवलं त्याच्यापुढे थाप कशी मारायची?

"माहीत नाही, आबा. उद्या विचारतो."

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्चीत बसेल त्याला विचारलं. पोस्टातला कारकून म्हणाला, "कुठली खाण?" शाळामास्तर म्हणाले, "होती खरी तशी बातमी. पुढे काय झालं कोण जाणे." रेडिओने दुकानातला पेपरांचा गठ्ठा उपसला. खाण पहिल्या पानावर होती, मग आतल्या कोपऱ्यात गेली, मग कुठेच नव्हती. त्याला स्वतःचाच राग आला. माणसं जमिनीखाली ठोके देत होती आणि आपण टॉवेल झटकून मोकळे झालो.

घरी येऊन तो खाली मान घालून पलंगाशी बसला. "कुणालाच ठाऊक नाही, आबा. पेपरवाल्यांनीही सोडून दिलं."

आबांनी पुन्हा त्याचं मनगट धरलं. एकेक शब्द खोल विहिरीतून ओढल्यासारखा वर आला.

"सकाळी... दुकानात ने. मी... विचारतो."

"आणि उद्याही कुणाला ठाऊक नसलं तर?"

"तर... परवा... पुन्हा... विचारू. दोघं."