निरोप्याची टोपी

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? तोंडाचाच तर सगळा घोटाळा आहे! पण तुम्ही चहा पाजलात आणि वर विचारलंत, "दत्ताराम, ते टोपी डोक्याला चिकटल्याचं काम तुला सुचलं कसं?" तर ऐका. ऐकून झाल्यावर शिव्या द्यायच्या नाहीत. दिल्यात तरी माझी हरकत नाही म्हणा.

मी मूळचा विनोदी नट नव्हे बरं का! हा चेहरा बघा. लांबुडका, गाल बसलेले, डोळे कायम ओले. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मी कुणाच्या तरी बाराव्याला बसल्यासारखा दिसतो. गिरणीतली पाळी सुटली की लालबागच्या आमच्या मंडळात नाटकाच्या तालमी चालायच्या. तिथं तालीम मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "ह्याला तिसऱ्या अंकात ठेवा."

का? अहो, तिसऱ्या अंकात कुणीतरी मरतं. ती बातमी कुणीतरी आणायला नको? झालं, माझं करिअर ठरलं! कधी पोस्टमन, कधी वकील, कधी घरगडी, कधी मामा. कपडे बदलायचे, काम तेच. दारात यायचं, टोपी काढायची, मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि मग हळूच म्हणायचं, "वहिनी, दादांना थोडं लागलंय. घाबरायचं कारण नाही." की पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर तोंडाला. आणि आमची नायिका, म्हणजे गिरणीतला विश्राम फिटर, लुगडं सावरत धाडकन खाली! मी एकदाही वाक्य विसरलो नाही. माझा प्रवेश आला की प्रॉम्प्टर खुशाल विडी ओढायला जायचा.

"घाबरायचं कारण नाही" ऐकून बायका का रडायच्या, हे तुम्हाला सांगायला हवं. आम्ही कोकणातली माणसं. आमच्यात मेल्याला मेला म्हणून कुणी तोंडावर सांगत नाही. माझे वडील गेले तेव्हा तार आली, "वडील जरा आजारी, ताबडतोब निघ." खोलीतल्या सोबत्यांनी आजार कसला म्हणून विचारलंसुद्धा नाही. मला धरून मोरीवर नेलं आणि डोक्यावर पाणी ओतलं.

तर ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर, सगळं चाललेलं. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर भागीरथीकाकीची खानावळ होती. आम्ही बारा जण तिच्याकडे जेवायला. सगळ्यांची घरं गावाला, त्यामुळे आई म्हणा, काकी म्हणा, तीच. तिला एकुलता एक मुलगा, सखाराम. नवरा लवकर गेला. भाकऱ्या थापून थापून तिनं ह्या पोराला वाढवला आणि गिरणीत चिकटवला. पोरगा मोर्चात सगळ्यांच्या पुढे!

ज्या दिवशी गोळीबार झाला, त्या दिवशी सखाराम घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली. इस्पितळात जाऊन कोण बघून येणार? चाळीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. विश्राम म्हणाला, "दत्तू, तूच जा. तुला सवय आहे."

सवय! काय बोलावं ह्या माणसाला? पण गेलो. वॉर्डात खाटांमध्ये जागा नाही, माणसं जमिनीवर टाकलेली. एकेक चादर उचलून बघत गेलो. आणि कोपऱ्यात हा पठ्ठ्या उठून बसलेला! मांडीला ही एवढी पट्टी.

"दत्तूकाका, तंबाखू आहे?"

मी ढसाढसा रडलो हो. तो म्हणतो, "रडतोस काय? आईला जाऊन सांग, पायाला थोडं लागलंय. घाबरायचं कारण नाही."

मी धावत सुटलो. परळ ते लालबाग कुठंही थांबलो नाही. तीन जिने चढून काकीच्या दारात पोचलो, तेव्हा छाती फुटायची बाकी होती. घामानं डोळे चुरचुरत होते. तो पुसायला म्हणून मी टोपी काढली. आणि दम घेत उभा राहिलो.

किती वेळ? मोजले नाहीत, पण पाच आकड्यांचा वेळ नक्की होता.

काकी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं. माझा चेहरा पाहिला, हातातली टोपी पाहिली. हात परातीतच राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"काकी," मी म्हटलं, "सख्याच्या पायाला थोडं लागलंय. घाबरायचं कारण नाही!"

मेलो! शब्द तोंडातून सुटले आणि मग मला कळलं. पण तोवर काकीनं जी किंकाळी फोडली, ती तळमजल्यापर्यंत गेली.

"अगं, जिवंत आहे तो! शपथ!"

"बघा हो," शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "किती धीर देतोय बिचारा."

"तंबाखू मागत होता माझ्याकडे!"

"शेवटची इच्छा," मागून कुणीतरी म्हणालं.

विश्रामनं मला मिठी मारली. "पुरे रे दत्तू. तिसऱ्या अंकातपण तू आधी असंच म्हणतोस." मी म्हटलं, नाटकातलं नाही, खरं सांगतोय. म्हणाला, "हे पण म्हणतोस." मग मला सुचलं, आपण हसावं! आनंदाची बातमी आहे, हसल्यावर तरी पटेल. हसलो मोठ्यानं. तर माझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून दोघांनी मला मोरीवर नेलं आणि बादली उपडी केली. तोवर भजनी मंडळाचे टाळ निघाले, बांबू कुठं मिळतील ह्याची चर्चा सुरू झाली, चाळीच्या फळ्यावर खडूनं 'हुतात्मा सखाराम अमर रहे' लिहून झालं. मी पुसायला गेलो तर पोरांनी मला गद्दार ठरवला.

संध्याकाळी पुन्हा रस्ता मोकळा झाला, तेव्हा विश्राम आणि आणखी एक जण प्रेत ताब्यात घ्यायला गेले. प्रेतानं त्यांच्याकडे तंबाखू मागितली. ते धावत परत आले आणि चाळ अशी हसली, अशी हसली! काकी एका डोळ्यानं हसत, एका डोळ्यानं रडत पळी घेऊन माझ्या मागं लागली. "मेल्या! परत माझ्या दारात टोपी काढलंस तर बघ!"

तो कायदाच झाला. मी जेवायला आलो की बाकीचे अकरा जण ओरडायचे, "दत्तू, टोपी!" मी टोपी घालूनच जेवायचो.

किस्सा इथं संपला असता तर काय हवं होतं हो मला? पण तसं झालं नाही.

काकी रोज सखारामसाठी डबा करायची. पेज, सुकट, कधी घावणे. मी तो नेऊन द्यायचो. आठ दिवस ठीक गेले. मग जखम चिघळली, ताप चढला, विष अंगात पसरलं. त्या दिवशी मी डबा घेऊन पोचलो, तर खाट रिकामी होती. नर्सनं मला बाजूला घेतलं.

परतताना मी पक्कं ठरवलं. ह्या वेळी चूक करायची नाही. एकदम घाबरवायचं नाही तिला. टोपी डोक्यावर नीट बसवली, घाम येत होता तो येऊ दिला, तोंडावर हसू आणलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

काकीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"इलंस? आज टोपी बरी आठवणीन घातलंस! माझो झिल, सख्या, जेवलो मां?"

मी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांचं ते पाठ वाक्य, ते सोडून दुसरं वाक्य मला येत नव्हतं, आणि तेच आता म्हणता येत नव्हतं. दारात तसाच उभा राहिलो. हसत.

काकीची नजर खाली माझ्या हातातल्या डब्यावर गेली. डबा जड होता. भरलेल्या डब्याची कडी हाताला कशी ओढते, ते तिला माहीत होतं. तिनं पदराला हात पुसले, सावकाश उठली, माझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"टोपी काढ, दत्तू."

काकीनं खानावळ बंद केली नाही. तेरावं झाल्यावर पुन्हा भाकऱ्या थापायला बसली. मला पहिल्यासारखंच वाढायची. मीच मान वर करत नव्हतो.

पुढं वर्षभरानं नाटक लागलं. मास्तरांनी मला नेहमीचं काम दिलं. तिसरा अंक, माझा प्रवेश. दारात आलो. टोपीला हात लावला आणि हात तिथंच राहिला. ओढतोय, निघत नाही! समोर विश्राम लुगडं सावरून पडायला तयार, आणि मी दोन्ही हातांनी टोपी धरून उभा, घामाघूम, तोंडावर तेच मेलं हसू. प्रॉम्प्टर विडी ओढायला गेलेला. पिटातून एकजण फिसकन हसला, मग दुसरा, मग अख्खं थिएटर. तीन मिनिटं टाळ्या थांबेनात.

त्या दिवसापासून मी विनोदी नट. लोक तिकीट काढून माझी टोपी बघायला येतात, वन्स मोअर देतात. काकी कधी आली नाही. आणि तुम्ही विचारता, हे काम सुचलं कसं!

सुचलं नाही हो. अजून निघत नाही.