घडी न मोडलेले हातमोजे

सरोजाअक्का गेल्याचं मला कुर्डुवाडीच्या फलाटावर कळलं. हातातला चहा तसाच गार झाला...

सोलापूरच्या विणकर घरातली ही बाई आंध्रातल्या पामतेलाच्या बागा तपासत फिरायची. बिस्किटापासून साबणापर्यंत सगळ्यात जाणारं हे तेल काढताना बागेतल्या मजुरांचे हाल तर होत नाहीत ना, हे पाहायचं आणि मगच कंपनीला दाखला द्यायचा, हे आमचं काम. अक्कांची घरची भाषा तेलुगू, म्हणून त्यांना घेतलं असावं, असं मी सुरुवातीला समजत होतो. खुळाच होतो मी.

पहिल्याच बागेत मी मॅनेजरलाच दुभाष्या केलं, औषध फवारणाऱ्या बायकांशी बोललो आणि ‘तक्रार नाही’ असं लिहून मोकळा झालो. अक्कांनी कागद वाचला.

“काय ओ सर, त्यांच्या हातमोज्यांची घडी तरी मोडली होती का?”

मी पाहिलंच नव्हतं. आम्ही येणार म्हणून हातमोजे त्याच सकाळी वाटले होते. अक्का बायकांच्या खोल्यांकडे गेल्या, त्यांच्या माठातलं पाणी प्यायल्या आणि त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसल्या. एकही प्रश्न विचारला नाही. तासाभराने एका बाईने आपणहून हात पुढे केले. औषधाने तळव्यांची सालं निघाली होती. मी थक्क होऊन बघत राहिलो, हातांकडे आणि अक्कांकडेही.

मी घाईने वही उघडली, ती अक्कांनी मिटली. “नाव लिवलं की उद्या हिचं काम जातंय. आदी तिला विचारा की.”

बाई नको म्हणाली. अक्कांनी तिचं नाव कुठेच येऊ दिलं नाही, दाखला मात्र अडवला. मॅनेजर चिडला, आमचे साहेब तर जास्तच. “कोणी सांगितलं तुम्हाला?” साहेबांनी विचारलं.

“कुणी न्हाय. मी बघितलंय. माझं नाव घाला.”

त्या कंपनीने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. हातमोजे मात्र रोज मिळू लागले. एवढं धैर्य इतक्या साध्या आवाजात मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. मुलीने अक्कांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. “बंद करणार होते,” ती म्हणाली, “पण बागेतल्या बायकांकडं हाच नंबर हाय की.”

आम्ही बोलत असतानाच तो वाजला. मुलीने तेलुगूतून आई गेल्याचं सांगितलं. पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. मुलीने फोन तळव्याने झाकला.

“विचारतीय, आता कुणाला सांगायचं?”

मला तेलुगू येत नाही. तरी मी फोन घ्यायला हात पुढे केला.