बुडालेल्या माणसाचे पाय

माझी सगळी उमेदवारी पेणला गणपतीच्या कारखान्यात गेली. मूर्तीला भेग दिसली की बुजवायची, गाल गुळगुळीत करायचे, वरून गुलाबी हात मारायचा. एवढ्या विद्येवर मी सिनेमात जखमा रंगवायला निघाले होते. रोह्याला कुंडलिकेच्या काठावर शूटिंग लागलं, तेव्हा तिथले मेकअपदादा म्हणाले, "बुडून मेलेला माणूस करून दाखव. जमलं तर मुंबईला असिस्टंट म्हणून नेतो." नाही जमलं तर परत कारखाना, नाहीतर आईनं बघून ठेवलेलं स्थळ.

आई राखणीला सोबत आली होती. जन्म मिठागरात गेलेली बाई, सिनेमावाल्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मांडीवर डबा घेऊन ती माझ्यासमोरच पहारा देत बसली.

चादर पांघरून आडव्या पडलेल्या नटाचं मी जीव ओतून प्रेत केलं. भुवया कोरल्या, ओठ रेखले, गालांवर तेज आणलं. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

डायरेक्टर बघून म्हणाला, "हा बुडालाय का बोहल्यावर चढलाय?"

अख्खं युनिट हसलं. मेलेला नटही हसला. दादा म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघ, नाहीतर घरी जा."

"चल गो," आई लगेच उठली.

"बस गं आये गप!" मी खेकसले आणि मान खाली घातली. समोर तिचे पाय होते. खाऱ्या पाण्यात उभे राहून पांढुरके पडलेले, फुगलेले, टाचा उभ्या चिरलेल्या. हे रोज डोळ्यांसमोर असताना मी मूर्ख कुठे शोधत बसले होते? नटाची चादर वर सरकवली, कापूस आणि लॅटेक्सचा रबरी चीक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा भेगा पाडायला लागले. मग तोंडही त्याच रंगाचं केलं.

डायरेक्टर आला आणि दोन पावलं मागे सरला. या वेळी कोणी हसलं नाही. दादा म्हणाले, "बॅग भर."

आई मात्र वाकून बघत होती. "माझे पाय हायत हे! मेल्याला लावलेस गो?"

मला लाज वाटली, रडूही आलं.

शॉट झाल्यावर तिनं बादली ओढली. "जायचं तं जा मुंबयला. पण आधी हे धुवून काढ."

गुदगुल्यांनी किंचाळणाऱ्या त्या नटाचे पाय आम्ही दोघी चोळत बसलो. घटकाभरात ते गोरेपान निघाले. आई बघत राहिली. मग स्वतःचे पाय लुगड्याखाली ओढून घेत त्याला म्हणाली, "बरं हाय बाबा तुझं."