लाल ठिपक्याच्या पुढे

एलपी आप्पा नवी रेकॉर्ड आली की आधी तिचा वास घेत. दोन्ही तळहातांमध्ये कडा धरायच्या, नाकाजवळ न्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ताजी आहे." विलायतेत निघालेली रेकॉर्ड नाशिकला पोचेपर्यंत सहा-आठ महिने उलटलेले असत, तरी आप्पांच्या हातात आली की ती ताजीच. त्याआधी हात धुण्याचा कार्यक्रम असे. रॉकेल, लाकडाचा भुसा, मग कपड्यांचा साबण. कारखान्याचं काळं तेल नखांच्या कडांतून निघेपर्यंत ते पाकिटाला शिवत नसत. "लग्नात सुद्धा एवढे धुतले नव्हते," काकू स्टोव्हजवळून म्हणत.

आप्पा सातपूरच्या एका कारखान्यात हॅमरवर होते. लालभडक तापलेलं लोखंड साच्यावर ठेवायचं आणि वरून अवजड घण पडायचा, असं ते काम. त्यांचे वडील देवळाली कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. ते कुटुंब देश सोडून गेलं तेव्हा जाताना त्यांनी माळ्याच्या मुलाला जुना रेकॉर्ड प्लेअर आणि एकच रेकॉर्ड दिली. गिटार वाजवत घोगऱ्या आवाजात ओरडून गाणारा एक इंग्रज गायक. आप्पा त्याला 'बुवा' म्हणत. "कीर्तन करणारा बुवा, ख्याल गाणारा बुवा, मग ह्यानंच काय घोडं मारलंय?" बुवांचं खरं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. मोठ्या रेकॉर्डला तेव्हा एलपी म्हणत, त्यावरून कॉलनीनं त्यांना एलपी आप्पा करून टाकलं होतं. बुवांच्या सगळ्या एलपी तथागतांच्या तसबिरीखालच्या फळीवर उभ्या लावलेल्या असत.

पंच्याहत्तर साली मी सटाण्याजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आप्पांच्या घरामागची पत्र्याची खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "इंग्रजी घेतलंय का?"

मी हो म्हणालो.

"मग तू कामाचा. ए बी.ए., शनिवारी दुपारी कुठं जायचं नाय."

शनिवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस. नवी रेकॉर्ड पहिल्यांदा लागायची ती शनिवारीच. महिनाभरानं वडील मला भेटायला आले तेव्हा नेमके बुवा टिपेला पोचले होते. वडील दारातच थांबले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ कोन शे? याना पोटमा दुखस का?" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी वडिलांना चहा दिला. वडील त्या घरचा चहा घेतील की नाही, याची मला धाकधूक होती. त्यांनी घेतला, आणि जाताना आप्पांना म्हणाले, "पोरगा तुमच्या हवाली." आप्पांनी ते शब्द फार मनावर घेतले.

नवी रेकॉर्ड निघाली की मुंबईच्या दुकानदाराचं पोस्टकार्ड येई. मग ती एसटीच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर मागवायची आणि सीबीएस स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायची. एका उन्हाळ्यात तो ड्रायव्हर रजेवर होता. बदलीवरच्या माणसानं ठेवा सांभाळावा म्हणून रेकॉर्ड अगदी आपल्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवली. कसारा घाट चढून गाडी आली तोवर तिचा पापड झाला होता. आप्पा त्याला एका शब्दानं बोलले नाहीत, उलट चहा पाजला. घरी येऊन रेकॉर्ड दोन काचांमध्ये घातली आणि वर ज्वारीचा भरलेला डबा ठेवला. आठ दिवस त्या डब्याला हात लावायची बंदी होती. "सासूबाई असत्या तर त्यांनाच बसवलं असतं वर," काकू म्हणाल्या. रेकॉर्ड बरीचशी सरळ झाली, फक्त दर फेरीला बुवांचा आवाज जरासा हेलकावा खाई. "बुवा एसटीत बसून गातायत," आप्पा म्हणाले.

पहिल्या ऐकण्याचे नियम ठरलेले होते. एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग चहा. मग दुसरी बाजू. आवाजाच्या बटणाशेजारी त्यांनी लाल रंगाचा एक ठिपका दिला होता. बटण त्याच्यापुढे न्यायचं नाही. "त्याच्यापुढं गाणं राहत नाय, नुसता हॅमर होतो." तिकडे देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव चाले. लांबून धप्प असा आवाज येई, खिडकीची काच थरथरे. तेव्हा आप्पा अलगद सुई उचलून धरत. "त्यांचं होऊ दे आधी." तोफा थांबल्या की सुई पुन्हा तिथेच उतरे.

रेकॉर्ड संपली की ते माझ्याकडे वळून विचारत, "काय ऐकलं?"

पहिल्या खेपेला मी म्हणालो, "गाणं ऐकलं."

"गाणं भिंतीनं बी ऐकलं. तू काय ऐकलं?"

 हळूहळू मी सांगायला शिकलो. तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते आणि नुसता ढोल चालतो. एका जागी बुवा श्वास घेतात तो ऐकू येतो. आप्पा मान डोलवत. बुवांचे शब्द मी डिक्शनरी घेऊन वहीत उतरवत असे आणि आप्पांना मराठीत सांगत असे. कॉलेजात जे इंग्रजी माझ्या डोक्यावरून जाई, ते त्या पत्र्याच्या खोलीत हाताला लागलं. मी बी.ए. झालो याचं अर्धं श्रेय मी आजही त्या शनिवारांना देतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना एक रेकॉर्ड आली. आप्पांनी वास घेतला, ताजी म्हणाले, ऐकली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्या खेपेला सगळं लांबून वाजतंय. कंपनीनं नीट काढली नाय." मला तसं काही वाटलं नव्हतं, पण मी म्हणालो, असेल. पुढच्या रेकॉर्डला ते म्हणाले, "बुवांचा आवाज बसलाय." त्या दिवशी तोफा चालू होत्या. काच थरथरत होती. आप्पांनी सुई उचलली नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा तळहात स्पीकरच्या खोक्यावर टेकलेला होता. आवाजाचं बटण लाल ठिपक्याच्या पुढे गेलं होतं.

मग ती रेकॉर्ड आली, जिच्यात जवळजवळ प्रत्येक गाण्यात झांजा होत्या. पितळी थाळीवर काठी मारावी तसा छणछणीत आवाज, पाऊस पडावा तसा एकसारखा. बाजू संपल्यावर आप्पांनी सुई उचलून ठेवली. मग म्हणाले, "झांजवाला सोडून गेला वाटतं बुवांना."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही झांजा ऐकल्या होत्या.

"काय रे बी.ए.? काय ऐकलं?"

मी गिटारबद्दल सांगितलं. बुवांच्या शब्दांबद्दल सांगितलं. झांजांबद्दल बोललो नाही.

हॅमर शॉपमध्ये कुणाचे कान गेले तर लवकर कळत नाही. तिथे कुणीच कुणाशी आवाजानं बोलत नाही. हाताच्या खुणा करतात, ओठ वाचतात. वीस पावलांवरून "आज जेवायला काय आणलंय" हे ओठांवरून समजतं. कंपनी कानात घालायला बोळे देई, पण हॅमरवरचे जुने लोक ते खिशात ठेवत. घणाचा आवाज जरा बदलला की मागे सरायचं, ही त्यांची रीत. बोळा घातला तर ते कळणार कसं आणि हात वाचणार कसा, असं आप्पा म्हणत. हात वाचवण्यासाठी त्यांनी कान दिले, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

बी.ए. झाल्यावर मास्तरकी मिळेपर्यंत आप्पांनी शब्द टाकून मला त्याच कारखान्यात हंगामी कारकून म्हणून लावलं. त्याच वर्षी कंपनीच्या नव्या डॉक्टरांनी हॅमर शॉपच्या लोकांचे कान तपासायचं ठरवलं. पद्धत साधी होती. माणसाला स्टुलावर बसवायचं, डॉक्टर मागे उभे राहून हलक्या आवाजात तालुक्यांची नावं घेणार आणि माणसानं ती परत म्हणायची. समोर टेबलाशी रजिस्टर घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. जो नापास होईल त्याला हॅमरवरून काढून स्टोअरमध्ये बसवणार होते.

आदल्या संध्याकाळी आप्पा माझ्या खोलीच्या दारात आले. "समोर तूच बसणार ना?"

"हो."

"मग झालं."

मी म्हणालो, "आप्पा, स्टोअरचं काम शांत आहे. कानांना आराम मिळेल."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "स्टोअरला धाडलेले दोघं आता कुठंयत? घरी. कान गेलेला माणूस कंपनीला कशाला पाहिजे? आणि स्टोअरला गेलो म्हणजे मीच कबूल केलं की मला बुवा ऐकू येत नाय." मग म्हणाले, "तुझ्या वडलांनी तुला माझ्या हवाली केलं होतं. आता एकदा मी तुझ्या हवाली."

दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसले. डॉक्टर मागून पुटपुटले, "सिन्नर." मी मान रजिस्टरवरून वर केली आणि आवाज न करता ओठ हलवले. "सिन्नर," आप्पा म्हणाले. "निफाड." "निफाड." "इगतपुरी." आप्पा हसले. "इगतपुरी. तिथं लय पाऊस, साहेब." डॉक्टरही हसले. "हॅमरवर राहून चांगले ठेवलेत हो कान." मी त्यांच्या नावासमोर 'ठीक' लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. तो शब्द मला अजून दिसतो.

खरं सांगायचं तर मी तेव्हा खूश होतो. माझ्यासाठी एवढं केलेल्या माणसासाठी मलाही काही करता आलं, असं मला वाटलं. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं?" आप्पा म्हणाले, "पास."  काकूंनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि आत गेल्या. रोज त्या समोर बसून जेवायला लावत.

पुढच्या वर्षी मला सटाण्याकडे देवळ्याला शाळेत नोकरी लागली. नाशिकला येणं कमी झालं. आप्पा हॅमरवर आणखी तीन वर्षं राहिले. मग घणाचाही आवाज येईना, तेव्हा त्यांनी आपण होऊन राजीनामा दिला. डॉक्टर त्यांना म्हणाले होते म्हणे, की रजिस्टरमध्ये तर ठीक लिहिलंय, वेळेवर कळलं असतं तर निम्मं ऐकणं राखता आलं असतं. हे मला काकूंच्या पत्रातून समजलं. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती, बुवांची नवी निघालीय, त्यांनी तुला आणायला सांगितलीय.

ती रेकॉर्ड घेऊन मी एका शनिवारी दुपारी गेलो. आप्पांनी रॉकेलनं हात धुतले. आता हातांना तेल नव्हतं, तरी धुतले. वास घेतला. "ताजी आहे." त्यांचा आवाज विचित्र झाला होता, मोठा आणि सपाट, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा. रेकॉर्ड लावली. बटण लाल ठिपक्यावर ठेवलं, त्याच्यापुढे नेलं नाही. आता नेऊन उपयोग नव्हता. तळहात खोक्यावर ठेवला आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत बसले.

बाजू संपली. "काय ऐकलं?"

मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं. एकेक गाणं, एकेक वाद्य. ओठ स्वच्छ हलवत, वर्गात हलवतो तसे. त्यांनी मधेच विचारलं, "झांजवाला आला का परत?"

"आला."

त्यांनी मान हलवली. "गेलाच नसंल तो."

मी उठून खिडकीशी गेलो. तोफांचा सराव चालू होता, काच बोटाखाली थरथरत होती. बाहेर बघत मी म्हणालो, "आप्पा, मी तेव्हा ठीक लिहायला नको होतं. मला झांजांच्या दिवशीच कळलं होतं."

 त्यांना ऐकू जाणार नाही म्हणूनच मी पाठ करून बोललो होतो, हे मला बोलून झाल्यावर कळलं. दारात काकू उभ्या होत्या. मला कायम अरे-तुरे करणाऱ्या काकू म्हणाल्या, "सर, तोंड त्यांच्याकडे करून सांगा."

मी वळलो. समोर बसलो. पुन्हा सांगितलं, सगळं, आवाज न करता, त्या दिवशी तालुक्यांची नावं सांगितली होती तसं. आप्पांनी माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. सांगून संपल्यावरही ते तिथेच बघत राहिले, आणखी एखादं वाक्य येईल म्हणून.

मग म्हणाले, "दुसरी बाजू लाव."

मी रेकॉर्ड उलटली. सुई ठेवताना ती माझ्या हातून घसरली. एवढ्या वर्षांत त्या घरात कधी न वाजलेला ओरखडा खोलीभर वाजला. काकूंनी डोळे मिटले. आप्पांचा तळहात खोक्यावर होता. त्यांना तो कळला असणार. त्यांनी हात उचलला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. काकूंनी सगळ्या रेकॉर्डी माझ्याकडे पाठवल्या, एसटीनं, गोधडीत गुंडाळून, इंजिनापासून लांब ठेवायला सांगून. मी त्या कधीतरी शनिवारी लावतो. त्या शेवटच्या रेकॉर्डची दुसरी बाजू लावली की आधी तो ओरखडा येतो, आणि मग बुवा.