खिडकीतली वाटी

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा लेक सहा महिन्यांची होती. मी लाखनीला पंचायत समितीत कारकून. नवरा तिकडे नाकाडोंगरीच्या शाळेत शिक्षक, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सासूबाईंना गावची धानाची शेती सोडून येणं जमत नव्हतं. पाळणाघर शोधण्यावाचून इलाज नव्हता.

ऑफिसमधल्या एका मॅडमनी सुचवलेल्या घरी आधी गेले. स्वच्छ फरशी, जाळीची दारं. तिथल्या काकूंनी लेकीला हौसेनं मांडीवर घेतलं, गालगुच्चा घेतला. "सोमवारपासून आणा जी," म्हणाल्या. मग लेकीचं नाव विचारलं. ते सांगितल्यावर आडनाव विचारलं. मी सांगितलं.

लेक परत माझ्या मांडीवर आली.

"तसं पाहिलं तर आता जागाच नाही आमच्याकडे. पुढच्या महिन्यात पाहू."

भिंतीलगत दोन पाळणे रिकामे लटकत होते. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. लेकीला घेऊन मी निघाले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "खरंच जागा नसेल."

"पाळणे रिकामे होते."

त्यानं लेक झोपली का ते विचारलं. आमच्या दोघांच्याही आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, दोघंही शिकून नोकरीला लागलो, तरी आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या मॅडम सहज बोलून गेल्या की त्यांच्या नणंदेचा मुलगा त्याच काकूंकडे जायला लागलाय.

दुसरं घर हायवेला लागून, टायरच्या दुकानामागे. ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरायची. मुलं सांभाळणारी बाई साठीच्या आसपासची. पोरगी कशी झोपते, पेज खाते का, रडली तर कशानं थांबते, सगळं विचारलं तिनं. आडनाव तेवढं विचारलं नाही. त्याचाच मला संशय आला. हिला आधीच कुणी सांगितलं असेल का? की नंतर कळल्यावर ही तोंड फिरवणार? निघताना दारातच मी आपणहून आडनाव सांगून टाकलं.

"बरं," ती म्हणाली. "डब्यात मऊ भात आणजा. कडक असला तं लेकरू थुकते."

तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत, कधी पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून, मी न सांगता जाऊन पाहायचे. लेकीला उचलून घेतात की नुसतं खाली ठेवतात, तोंड कोणत्या फडक्यानं पुसतात.

एका दुपारी गेले तर मांडणीवर सगळ्या मुलांच्या वाट्या ओळीनं पालथ्या घातलेल्या. माझ्या लेकीची तेवढी खिडकीत, एकटी.

"आमच्या पोरीची वाटी वेगळी काहून ठेवली?"

"तिचं तोंड आलं आहे जी. दुसऱ्या लेकराले लागू नये म्हणून उकळून तिकडं ठेवली. संध्याकाळी तुमाले सांगणारच होती."

मी लेकीला उजेडात नेलं, बोटानं ओठ उघडला. गालाच्या आत पांढरे ठिपके होते. डॉक्टरांनी औषध दिलं, मी रजा टाकून पोरीला घरी ठेवलं. रोग खरा होता, पण वाटी वेगळी ठेवायला निमित्त म्हणूनही तो चालला असता, असंच मला त्या दिवसांत वाटत राहिलं. तिसरं घरही शोधून पाहिलं. लाखनीत ते सापडलं नाही, म्हणून पोरीला परत तिथंच नेलं.

मग एकदा दुपारी पोचले तेव्हा बाई जेवायला बसली होती. माझी लेक तिच्या मांडीवर. बाईनं स्वतःच्या ताटातला वरणभात बोटांनी कुस्करला, इवलासा घास लेकीच्या तोंडात घातला, त्याच बोटांनी स्वतःही खाल्लं. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

"या मॅडम. आज लवकर आल्या."

"हो, सहजच."

"तुम्ही सहजच येता नेहमी," ती म्हणाली. "येजा. फक्त सांगून आल्या तं चहा तरी ठेवीन मी."

मी खाली बसले. तिनं हात धुतला आणि खरंच चहा ठेवला. लेक अंगणवाडीत जाईपर्यंत त्याच घरी राहिली. मी मात्र सांगून कधीच गेले नाही.